किलस्विच एंगेजचा दुसरा अल्बम आणि मेटलकोरची घडण

मेटलकोर हा रॉक संगीताचा एक उपप्रकार असून हार्डकोर पंक आणि हेवी मेटल या दोन परंपरांच्या मिलाफातून तो १९९० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला, एवढी व्याख्या कोणत्याही संगीतकोशात मिळू शकेल. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु या दोन परंपरा एकमेकींकडे किती संशयाने पाहत होत्या, त्यांच्यात अखेर तडजोड झाली ती कोणत्या अटींवर आणि त्या तडजोडीची किंमत कोणी मोजली, याचा पत्ता तिच्यावरून लागत नाही. प्रस्तुत ग्रंथ हा पत्ता एका अल्बमच्या आधारे शोधतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफील्ड या गावच्या किलस्विच एंगेज या बँडचा, २१ मे २००२ रोजी रोडरनर रेकॉर्ड्स या कंपनीने प्रसिद्ध केलेला, 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' हा दुसरा स्टुडिओ अल्बम या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे. मेटलकोरमधला तो पहिला अल्बम नव्हे आणि सर्वाधिक धाडसी तर नव्हेच. धाडसाच्या बाबतीत त्याच राज्यातल्या कन्व्हर्ज या बँडचा आदल्या वर्षीचा 'जेन डो' निश्चितच वरचढ ठरेल. तरीही पुढच्या दशकभरात या प्रकारात जे काही गायले-वाजवले गेले त्यातल्या बऱ्याचशा भागाचे व्याकरण याच अल्बमने पक्के केले, असे ग्रंथकाराचे म्हणणे आहे आणि ते मान्य करण्यासारखे आहे.

ते तपासण्याआधी दोन्ही घरची पार्श्वभूमी माहीत असायला हवी. हार्डकोर पंक १९८० च्या आसपास लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि बॉस्टन या शहरांत उभा राहिला. ब्लॅक फ्लॅग, मायनर थ्रेट आणि बॅड ब्रेन्स ही त्यातली अग्रणी नावे. गाणी बहुधा दीड-दोन मिनिटांची, लय अतिद्रुत, स्वररचना तीन-चार स्वरमेळांत आटोपणारी आणि गायन म्हणजे सरळसरळ ओरडणे, असा तो मामला होता. वाद्यावर हुकमत असणे ही या मंडळींच्या लेखी पात्रता नव्हती. कोणालाही महिनाभरात शिकून मंचावर उभे राहता यावे, हाच मुळी मुद्दा होता. माजी सैनिकांच्या संघटनांची सभागृहे किंवा चर्चची तळघरे भाड्याने घेऊन कार्यक्रम व्हायचे, रेकॉर्ड स्वतःच छापून विकल्या जायच्या आणि गाण्यातल्या घोषणावजा ओळी श्रोत्यांनी गायकाच्या हातातला माइक ओढून घेऊन म्हणायच्या, असा प्रघातच होता. दारू, सिगारेट आणि अमली पदार्थ वर्ज्य मानणारी 'स्ट्रेट एज' ही आचारसंहिताही याच वर्तुळातून निघाली.

हेवी मेटलची वृत्ती जवळपास उलटी. १९७० साली बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने सुरू केलेल्या या परंपरेत कसबाला प्रथमपासून मान होता. आयर्न मेडनने दोन गिटारींवर एकच धून तिसऱ्या स्वराचे अंतर राखून समांतर वाजवण्याची शैली रुजवली. मेटॅलिका आणि स्लेयर यांनी १९८३ पासून हार्डकोरचा वेग उचलून थ्रॅश मेटल घडवले, पण गाणी सात-आठ मिनिटांपर्यंत ताणली, त्यांत गुंतागुंतीचे खंड गुंफले आणि एकल गिटारवादनाला भरपूर जागा ठेवली. मेटलच्या मंचावर वादक उंचावर असतो आणि श्रोता खाली; हार्डकोरमध्ये मंच असलाच तर तो गुडघ्याएवढा. हार्डकोरवाल्यांना मेटल म्हणजे केस वाढवलेल्यांची मिरवणूक वाटे, मेटलवाल्यांना हार्डकोर म्हणजे वाद्य न येणाऱ्यांचा गोंगाट, आणि दोघांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य होते हे आज तटस्थपणे कबूल करता येते.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर ही भिंत पहिल्यांदा हलली. डी.आर.आय. या बँडने १९८७ मधल्या आपल्या अल्बमचे नावच 'क्रॉसओव्हर' ठेवले. त्याआधी वर्षभर न्यूयॉर्कच्या ॲग्नॉस्टिक फ्रंटने आणि क्रो-मॅग्सने मेटलचे जाड, खर्जातले रिफ हार्डकोरमध्ये आणले होते. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा, गाण्याची ओळख ठरवणारा छोटा स्वरलयबंध. क्रो-मॅग्सच्या 'द एज ऑफ क्वॉरल' या १९८६ च्या अल्बमपाशी भारतीय वाचकाने क्षणभर थांबायला हरकत नाही, कारण ते शीर्षक म्हणजे कलियुग होय. भक्तिवेदान्त स्वामी १९६५ साली न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी इस्कॉनची स्थापना केली. त्या चळवळीची हवा वीस वर्षांनी त्याच शहरातल्या हार्डकोरच्या पोरांना लागली. पुढे शेल्टर आणि १०८ या बँडांनी कृष्णभक्ती हाच आपला विषय केला, आणि यांतल्या १०८ चे नाव जपमाळेतल्या मण्यांच्या संख्येवरून आलेले आहे. या प्रकरणाचा प्रस्तुत अल्बमशी थेट संबंध नाही, परंतु एक गोष्ट त्यातून कळते: बाहेरून निव्वळ आरडाओरडा वाटणाऱ्या या संगीतात आत्मशुद्धीची ओढ फार लवकर शिरली होती आणि किलस्विच एंगेजच्या गीतांतला सुधारणेचा सूर आकाशातून पडलेला नाही.

१९९० च्या दशकात या मिश्रणाला स्वतःचे रूप येऊ लागले. क्लीव्हलँडचा इंटेग्रिटी, सिरॅक्यूजचा अर्थ क्रायसिस, कनेटिकटचा हेटब्रीड, फ्लॉरिडाचा शाई हुलूद, वॉशिंग्टन राज्यातला बॉच आणि न्यू जर्सीचा द डिलिंजर एस्केप प्लॅन हे त्या पिढीतले प्रमुख बँड. यांना एकाच नावाखाली बसवले जाते खरे, पण त्यांच्या संगीतात अंतर पुष्कळ आहे, आणि ते मोजण्यासाठी ग्रंथकाराने मराठी संगीतसमीक्षेतलेच एक माप वापरले आहे. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त ख्यालगायनाच्या घराण्यांची मांडणी करताना स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून प्रत्येक घराण्याची जागा त्या दोहोंच्या दरम्यान ठरवली. किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे. तशीच एक रेषा ग्रंथकार समूह आणि कसब या दोन टोकांमध्ये ओढतो. समूहाच्या टोकाजवळ अर्थ क्रायसिस आणि हेटब्रीड येतात. त्यांची रचना साधी, जड आणि सगळ्या सभागृहाला एकदम हलवण्यासाठी केलेली असते. कसबाच्या टोकाजवळ बॉच आणि डिलिंजर येतात, ज्यांच्या मात्रांची गणिते इतकी अवघड असतात की त्या शाखेला पुढे 'मॅथकोर' म्हटले जाऊ लागले. ही रेषा सर्वस्वी बिनचूक नाही. कन्व्हर्जला तिच्यावर नेमके कुठे ठेवायचे यावर दोन रसिकांचे एकमत होणे कठीण, कारण त्यांच्या कार्यक्रमातला समूह आणि त्यांच्या वादनातले कसब दोन्ही टोकाचे असतात. तथापि नवख्या वाचकाला पाय ठेवायला एवढी जागा पुरेशी आहे.

या पिढीची एक खूण मात्र सगळ्यांत समान आहे, ती म्हणजे ब्रेकडाउन. गाणे भरधाव चाललेले असताना लय अचानक निम्म्यावर येते, दुगुनीतून एकदम ठायीत उतरावे तशी. गिटार आणि बास पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यांशी घट्ट जुळवून, मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडत, तुटक वाजतात आणि मंचासमोरच्या गर्दीत हातपाय झाडत केल्या जाणाऱ्या नृत्याला वाव मिळतो. ब्रेकडाउन हा समूहाचा हक्क होता. गाण्यात तो कुठे येणार याची श्रोते वाट पाहत असत आणि तो बेतशीर आला नाही तर बँडची किंमत कमी होत असे.

दरम्यान अटलांटिकच्या पलीकडे, स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरात, मेटलच्या सर्वांत कर्कश शाखेत, म्हणजे डेथ मेटलमध्ये, सुरावट शिरत होती. ॲट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल' आणि डार्क ट्रँक्विलिटीचा 'द गॅलरी' हे दोन्ही १९९५ चे, इन फ्लेम्सचा 'द जेस्टर रेस' १९९६ चा. गायक गुरगुरत असताना दोन गिटारी मात्र आयर्न मेडनच्या चालीवर गोड समांतर धून वाजवताहेत, हा या शैलीचा विशेष होता. ॲट द गेट्स १९९६ मध्येच फुटला, पण त्यांच्या त्या चौतीस-पस्तीस मिनिटांच्या अल्बमची पारायणे अमेरिकेतल्या हार्डकोर वादकांनी केली, आणि २००० नंतरच्या कितीतरी अमेरिकन बँडांचे रिफ ऐकताना त्या पारायणांचा परिणाम लपत नाही. काही ठिकाणी तर तो उसनवारीच्या हद्दीपर्यंत जातो.

हे दोन प्रवाह एकत्र येण्याची जागा पश्चिम मॅसॅच्युसेट्स ही होती. वेस्टफील्ड हे बॉस्टनच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवरचे, एकोणिसाव्या शतकात घोडागाडीच्या चाबकांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथल्या आणि शेजारच्या स्प्रिंगफील्डच्या परिसरातले वादक इतके मोजके होते की एका बँडमधून दुसऱ्यात जाणे ही तिथे रोजची गोष्ट होती. ओव्हरकास्ट हा १९९१ मध्ये स्थापन झालेला बँड मोडल्यावर त्याचा गायक ब्रायन फेअर शॅडोज फॉल या बँडमध्ये गेला आणि बासवादक माइक डँटोनियो याने आफ्टरशॉक या बँडमधल्या जोएल स्ट्रोट्झेल आणि ॲडम डटकीविझ यांच्याबरोबर १९९९ मध्ये किलस्विच एंगेज उभा केला. गायक म्हणून ऱ्होड आयलंडचा जेसी लीच आला. शॅडोज फॉलचा आधीचा गायक फिल लबॉन्ट याने ऑल दॅट रिमेन्स हा बँड काढला. या सगळ्या मंडळींची वंशावळ काढू लागले तर ती एखाद्या गावातल्या भाऊबंदकीसारखी गुंतते, आणि ग्रंथकाराने ती काढलीही आहे. घाईतल्या वाचकाने तिच्यावरून नजर फिरवून पुढे जावे.

किलस्विच एंगेजचा पहिला, बँडच्याच नावाचा अल्बम २००० मध्ये फेरेट या छोट्या कंपनीने काढला. रोडरनरचे लक्ष त्याच्याकडे गेले तेव्हा ती कंपनी स्लिपनॉट आणि निकेलबॅक यांच्या खपामुळे भरात होती, म्हणजे हार्डकोरच्या पोरांना जिथे जाणे म्हणजे विकले जाणे वाटावे अशीच ती जागा होती. पण दुसऱ्या अल्बमसाठी बँडने मोठ्या शहरातला मोठा निर्माता घेतला नाही. ध्वनिमुद्रण वेस्टफील्डच्याच झिंग स्टुडिओत झाले आणि निर्मितीची सूत्रे ॲडम डटकीविझकडे राहिली, जो याच स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम करीत असे आणि बँडमध्ये ड्रमही वाजवीत असे. त्याचे शिक्षण बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात ध्वनितंत्र, निर्मिती आणि बास या विषयांत झालेले होते. २००१ च्या हिवाळ्यात सुरू झालेले हे काम पुढच्या वर्षाच्या आरंभी पुरे झाल्यावर मिश्रणासाठी इंग्लंडमधल्या अँडी स्नीपकडे गेले. मिश्रण म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेले प्रत्येक वाद्य आणि आवाज किती मोठा, कोणत्या बाजूला, कोणत्या पोताचा ऐकू यावा हे ठरवण्याची क्रिया. स्नीप हा सॅबट या ब्रिटिश थ्रॅश बँडचा गिटारवादक, म्हणजे मेटलच्या घरचा माणूस. गावातल्या गावात मुद्रण आणि मेटलच्या घरी मिश्रण, ही विभागणी योगायोगाने झालेली असली तरी या अल्बमच्या स्वरूपावर तिची छाप पडलेली आहे.

या छापेचा अदमास घेण्याची एक सोय बँडनेच करून ठेवली आहे. 'टेंपल फ्रॉम द विदिन' आणि 'व्हिडे इन्फ्रा' ही दोन गाणी पहिल्या अल्बममध्ये होती आणि ती दुसऱ्यासाठी पुन्हा मुद्रित करण्यात आली. रचना तीच, गायक तोच, अंतर दोन वर्षांचे. पहिल्या मुद्रणात वाद्ये एकमेकांवर चढलेली, आवाज त्यांच्या आत दबलेला आणि सगळ्याला सभागृहातल्या कार्यक्रमाची धग आहे. दुसऱ्यात प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, दोन्ही कानांतल्या गिटारी एकाच हाताने एकाच वेळी वाजवल्यासारख्या जुळतात आणि बास त्यांच्याखाली जोत्यासारखा राहतो. या बँडच्या गिटारींची जुळणीही इथे लक्षात घ्यायला हवी. सर्वांत जाड तार नेहमीच्या 'ई' स्वराऐवजी 'सी'पर्यंत उतरवून बाकीच्या तारा एकेका स्वराने खाली घेतल्या की सर्वांत जाड तीन तारांवर एकच बोट आडवे धरून जड स्वरमेळ वाजवता येतो, त्यामुळे रिफला वजनही येते आणि हाताला चपळाईही. जुन्या पद्धतीच्या मुद्रणात हे वजन चिखल होऊन बसते. स्वच्छ मुद्रणात त्याचा कणा दिसतो. हार्डकोरच्या कट्टर अनुयायांना ही स्वच्छता खटकली आणि त्यांचा आक्षेप पूर्णपणे चुकीचा म्हणता येत नाही, कारण धगीची काही मात्रा खरोखरच कमी झालेली आहे. परंतु त्या बदल्यात समोर आलेली गोष्ट अधिक मोलाची होती, ती म्हणजे गायकाचा दुसरा आवाज.

मेटलकोरच्या गायनात दोन आवाज असतात. एक किंचाळीचा, जो स्वरतंतूंच्या वरच्या, एरवी बोलताना न वापरल्या जाणाऱ्या घड्या कंपित करून काढला जातो आणि ज्याला निश्चित स्वर नसतो. दुसरा सुरेल, साध्या गाण्याचा. दोन्ही आवाज आळीपाळीने वापरणारे बँड आधीही होते. 'माय लास्ट सेरेनेड' आणि 'फिक्सेशन ऑन द डार्कनेस' या गाण्यांनी मात्र त्यांच्या नेमणुका ठरवून दिल्या: कडव्यात किंचाळी, ध्रुपदात सुरेल गायन, आणि नंतर कुठेतरी ब्रेकडाउन. ध्रुपद आले की गिटारींचा गजर मागे सरकतो, लय मोकळी होते आणि चाल कोणालाही एकदा ऐकून गुणगुणता येईल इतकी सोपी होते. इथेच समूह आणि कसब यांचा खरा करार झाला. हार्डकोरमध्ये श्रोत्यांचा वाटा घोषणेत असे, तो इथे चालीत आला. मेटलचे कसब एकल वादनातून निघून दोन गिटारींच्या समांतर धुनेत आणि मुद्रणाच्या नेटकेपणात जाऊन बसले. अल्बमभर लांबलचक एकल गिटारवादन जवळपास नाहीच, हे आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'टू द सन्स ऑफ मॅन'सारखे जेमतेम दोन मिनिटांचे गाणे हार्डकोरच्या जुन्या मापाचे आहे, 'विदाउट अ नेम' हा शब्दांविना छोटा वाद्यखंड आहे, आणि 'राइज इनसाइड' या शेवटच्या गाण्यात समूहस्वर परत येतात. अल्बमची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, यात शंका नाही.

गीतांबद्दल ग्रंथकाराने थोडक्यात लिहिले आहे आणि ते योग्यच आहे, कारण लीचची शब्दकळा त्याच्या आवाजाइतकी समृद्ध नाही. अमूर्त नामांचा त्याला सोस आहे. पण २००२ च्या संदर्भात त्या गीतांचा रोख निराळा होता. त्या काळी बाजारात चलती असलेल्या न्यू मेटलमध्ये, म्हणजे रॅप आणि मेटलच्या मिश्रणात, कॉर्न किंवा लिंप बिझकिटचे गायक स्वतःच्या जखमा आणि दुसऱ्यांवरचा राग मांडत असत. लीच त्याच तारस्वरात आशा, स्वतःला सावरणे आणि एकजूट यांविषयी किंचाळत होता. बॅड ब्रेन्सने १९८० च्या दशकात सांगितलेल्या सकारात्मक वृत्तीचा हा वारसा, आणि सुधारणेच्या गोष्टी एवढ्या कर्कश आवाजात सांगण्यात जी विसंगती आहे तीच त्यांना उपदेशाच्या चाकोरीतून वाचवते.

या कराराची किंमत सर्वांत आधी त्याच आवाजाने मोजली. अल्बम आल्यानंतर दौरे सुरू झाले, रोज रात्री दोन्ही आवाज काढताना लीचचा गळा बसू लागला, नैराश्यानेही त्याला घेरले आणि २००२ मध्येच त्याने बँड सोडला. त्याच्या जागी ब्लड हॅज बीन शेड या बँडचा हॉवर्ड जोन्स आला. डटकीविझ ड्रम सोडून गिटारवर गेला, कारण दोन गिटारींची धून मंचावर वाजवायची तर दुसरा गिटारवादक हवाच होता. २००४ चा 'द एंड ऑफ हार्टेक' या नव्या संचाचा, आणि लोकप्रियता त्यालाच मिळाली. त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमीचे नामांकनही होते. लीच २०१२ मध्ये परतला, तो आजतागायत आहे. किंचाळीचे तंत्र शास्त्रशुद्ध शिकवण्याची गरज याच काळात सगळ्यांना जाणवू लागली, आणि न्यूयॉर्कच्या गायनशिक्षिका मेलिसा क्रॉस यांची 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' ही शिकवणीची चित्रफीत २००५ मध्ये आली. जी परंपरा कोणालाही महिनाभरात मंचावर येता यावे म्हणून सुरू झाली होती, तिच्यात आता ओरडण्याचाही रियाज करावा लागू लागला. ग्रंथातला हा भाग सर्वांत वाचनीय झाला आहे.

दुसरा अल्बम हीच निवड का, असा प्रश्न वाचकाला पडेल. या पिढीच्या बँडांकडे पाहिले तर एक लक्षणीय पुनरावृत्ती दिसते. ॲज आय ले डाइंगचा 'फ्रेल वर्ड्स कोलॅप्स' (२००३), अव्हेंज्ड सेव्हनफोल्डचा 'वेकिंग द फॉलन' (२००३), अनअर्थचा 'द ऑनकमिंग स्टॉर्म' (२००४), ऑल दॅट रिमेन्सचा 'धिस डार्कन्ड हार्ट' (२००४), ट्रिव्हियमचा 'असेंडन्सी' (२००५), ऑगस्ट बर्न्स रेडचा 'मेसेंजर्स' (२००७), ऑस्ट्रेलियातल्या पार्कवे ड्राइव्हचा 'होरायझन्स' (२००७): हे सगळे त्या त्या बँडचे दुसरे अल्बम, आणि बहुतेकांची ओळख त्यांच्यापासूनच सुरू होते. कारण अर्थकारणात आहे. पहिला अल्बम छोट्या कंपनीकडे, तुटपुंज्या पैशात, बँड अजून स्वतःला चाचपत असताना निघतो. तो हातोहात विकत दौरे होतात, वर्ष-दोन वर्षे व्हॅनमध्ये काढल्यावर कोणता रिफ सभागृहात चालतो आणि कोणता नुसताच अवघड आहे हे कळते, आणि मोठी कंपनी दार ठोठावते तेव्हा बँडकडे सांगण्यासारखे काही असते. किलस्विच एंगेज आणि ट्रिव्हियम रोडरनरकडे गेले, अनअर्थ आणि ॲज आय ले डाइंग मेटल ब्लेडकडे. यात एक तपशील आणखी बोलका आहे: अनअर्थ, ऑल दॅट रिमेन्स आणि पार्कवे ड्राइव्ह यांच्या वर दिलेल्या दुसऱ्या अल्बमांचा निर्माता ॲडम डटकीविझच होता. शैली अनुकरणातून पसरते हे खरे, पण इथे ती एका माणसाच्या कानांतून आणि हातांतूनही पसरली.

पसरली आणि थिजलीही. २००५ नंतरच्या शेकडो बँडांनी कडव्यातली किंचाळी, ध्रुपदातला गोडवा आणि ठरलेल्या जागी ब्रेकडाउन हा साचा जसाच्या तसा उचलला. ध्रुपद आता येणार हे पहिल्याच मिनिटात कळू लागले. ग्रंथकार याचा दोष मूळ अल्बमला देत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते थोडा द्यायला हवा, कारण ज्या रचनेत प्रत्येक घटकाची जागा इतकी पक्की असते ती नक्कल करण्याजोगीच असते. कन्व्हर्जची नक्कल करणे अवघड गेले ते त्यांच्या गाण्यांना असा नकाशाच नसल्यामुळे. त्यांचा गिटारवादक कर्ट बॅलू हाही सेलम गावात स्वतःचा गॉडसिटी स्टुडिओ चालवणारा निर्माता, म्हणजे एकाच राज्याच्या दोन टोकांना वादक-निर्मात्याच्या दोन कार्यशाळा चालू होत्या. पश्चिमेकडची गुळगुळीत करत होती आणि पूर्वेकडची खरबरीत ठेवत होती. या दोन कार्यशाळांची तुलना ग्रंथात याहून विस्ताराने यायला हवी होती.

आज हा विषय का, याचे उत्तर या थिजण्यातून झालेल्या सुटकेत आहे. मेटलकोर संपला असे एकाहून अधिक वेळा जाहीर झाल्यानंतर गेल्या काही वर्षांत तो पुन्हा जोरात आहे. ब्रिंग मी द होरायझनने इलेक्ट्रॉनिक आणि पॉप संगीत आत घेतले, कॅनडाच्या स्पिरिटबॉक्सच्या कोर्टनी लाप्लांट हिने एकाच गळ्यातून दोन्ही आवाज काढण्याची हातोटी नव्या उंचीवर नेली, तर केंटकीच्या नॉक्ड लूजने ध्रुपदातला गोडवा बाजूला सारून ब्रेकडाउनलाच गाण्याचे सर्वस्व केले. या सगळ्यांची वाटचाल २००२ मध्ये झालेला करार पाळण्याची, ताणण्याची किंवा मोडण्याची आहे, आणि मूळ करार ठाऊक असल्याशिवाय ती समजत नाही. विशेषतः लाप्लांटच्या पिढीने उघड केलेली एक उणीव मागे वळून पाहताना टोचते: वेस्टफील्डच्या त्या वंशावळीत एकही गायिका नाही.

मराठी वाचकाशी या विषयाचे नाते फार ओढून-ताणून जोडण्याची गरज नाही. मुंबईत १९८६ पासून रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरत असे. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद पडल्यावरही शहरातले मेटल थांबले नाही. भयानक मौत आणि स्क्राइब हे मुंबईचेच बँड. त्यांपैकी स्क्राइबने २०१० च्या आपल्या अल्बमला 'अंदाज अपना अपना' या चित्रपटाच्या आठवणीने 'मार्क ऑफ तेजा' हे नाव दिले आणि हार्डकोरच्या आवेशात हिंदी चित्रपटांतली थट्टा मिसळली, जे मॅसॅच्युसेट्सच्या गंभीर मंडळींना कधी सुचले नसते. पुण्यात २०१० पासून सुरू झालेल्या एन.एच. सेव्हन वीकेंडरच्या मंचावरही या संगीताला जागा मिळत गेली. मराठी घरांतली मुले हे सारे तेव्हापासून ऐकत आली आहेत. त्याविषयी मराठीत लिहिले मात्र फारसे गेले नाही. केशवराव भोळे, वामनराव देशपांडे आणि अशोक रानडे यांनी ज्या भाषेत आवाजाचा लगाव, बंदिशीची बांधणी आणि मैफलीचे मानसशास्त्र यांवर बारकाईने लिहिले, त्या भाषेला एका मेटल अल्बमचे विश्लेषण जड जाण्याचे कारण नाही, हे या ग्रंथाची पाने सिद्ध करतात.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हा मेटलकोरचा समग्र इतिहास नाही. जर्मनीतले हेवन शॅल बर्न आणि कॅलिबन येथे ओझरते येतात, ऑस्ट्रेलियाची हकिगत पार्कवे ड्राइव्हपाशीच थांबते आणि डिजेंटसारख्या नंतरच्या शाखांचा फक्त उल्लेख आहे. हॉवर्ड जोन्सच्या काळातले अल्बम तुलनेपुरते वापरलेले आहेत, त्यामुळे त्याच्या चाहत्यांचा हिरमोड होण्याचा संभव आहे, आणि जोन्सचा भरदार सुरेल आवाज लीचपेक्षा सरस होता हे त्यांचे म्हणणे खोडून काढणेही सोपे नाही. स्वरलिपी मोजक्याच ठिकाणी दिली असून ती न वाचताही विवेचन समजते. ग्रंथकाराची एकच अपेक्षा आहे, ती म्हणजे ज्या प्रकरणात दोन मुद्रणांची तुलना येते ते वाचताना 'टेंपल फ्रॉम द विदिन'ची २००० ची आणि २००२ ची अशी दोन्ही रूपे वाचकाने लागोपाठ, शक्यतो कानाला हेडफोन लावून ऐकावीत, आणि आधी जुने ऐकावे.